भंगारवाला इतके भाव का सांगतो?

प्रश्न : आमच्या चामटोलीत भंगारवाला येतो. फुटक्या बादलीला एक भाव, पाण्याच्या बाटल्यांना दुसरा, जुन्या पाइपाला तिसरा. कुकरचं तुटलेलं हँडल आणि वेफर्सची पाकिटं तर तो हातातही घेत नाही. सगळं प्लास्टिकच ना, मग एवढे भाव कशाला? शिवाय हल्ली दुकानात मिळते ती कापडी पिशवी प्लास्टिकचीच असते, असं मुलगा म्हणतो. सासूबाई त्याच्याही पुढे गेल्या आहेत. शहाडच्या सेंच्युरीत तयार होतं ते रेयॉनसुद्धा प्लास्टिकच, असं त्यांचं म्हणणं. कोणाचं खरं मानायचं? (एक वाचक, चामटोली, ता. अंबरनाथ)

उत्तर : निकाल आधीच सांगून टाकतो. भंगारवाल्याचं बरोबर, मुलाचं बरोबर आणि सासूबाईंचं निम्मं बरोबर. तुम्हाला वाटतं की भंगारवाला घासाघीस करतो. करतही असेल. पण त्याने टेम्पोत केलेले वेगवेगळे ढीग रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या वर्गवारीशी बऱ्यापैकी जुळतात. ते कसे, ते पाहू.

आधी मूळ गोष्ट. कच्ची केळी पिकवायच्या खोलीत जो वायू सोडतात त्याचं नाव इथिलीन. पिकणारी फळं तो स्वतःही सोडतात. या वायूचा एक रेणू म्हणजे दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, बस. असे हजारो रेणू मण्यांसारखे एका माळेत ओवले की वायूचा घन पदार्थ होतो आणि त्याला आपण पॉलिथिन म्हणतो. मणी बदलला की पदार्थ बदलतो. अशा लांबलचक माळांना पॉलिमर म्हणतात. असे अवाढव्य रेणू असू शकतात ही कल्पना हर्मन श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० साली मांडली, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी तिला नाकं मुरडली. त्याला नोबेल मिळालं ते १९५३ साली.

पॉलिमर म्हणजे कारखान्यातलीच वस्तू, हा पहिला गैरसमज. कापूस, लाकूड, लोकर, केस, रबराच्या झाडाचा चीक हे सगळे निसर्गाने घडवलेले पॉलिमर आहेत. माणसाने लहान रेणूंपासून स्वतः घडवले, ते कृत्रिम पॉलिमर. या लहान रेणूंसाठी कच्चा माल बहुधा खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून येतो. तेलापासून मिळणारा नाफ्था आठशे अंशांच्या आसपास तापवला की त्याचे तुकडे पडतात आणि इथिलीन, प्रॉपिलीन असे वायू हाती लागतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल कंपनीने हे काम १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं होतं. देशातल्या पेट्रोरसायन उद्योगाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांतली एक तुमच्यापासून फार लांब नव्हती.

आता बादली. तिच्या आधी दुधाची पिशवी हातात घ्या. इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३३ साली इथिलीनवर प्रचंड दाब देऊन वेगळंच काही करून पाहत होते. भांड्यात मेणासारखा पांढरा थर सापडला. पुन्हा करू गेले तर जमेना. भांड्यात चुकून शिरलेल्या किंचित प्राणवायूमुळे मणी जुळू लागतात, हे पुढे उलगडलं. महायुद्धात हे नवं पॉलिथिन रडारच्या केबलींना वेष्टण म्हणून लागलं, म्हणून ते बरंच गुप्तही राहिलं. या पद्धतीत माळेला अधूनमधून फाटे फुटतात. फाटे असले की माळा एकमेकींना खेटून बसत नाहीत, म्हणून पदार्थ मऊ आणि लवचिक होतो. दुधाची पिशवी चुरगळते ती त्यामुळे.

१९५३ साली जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी वेगळा उत्प्रेरक वापरून तेच इथिलीन कमी दाबात जोडलं. या वेळी माळा सरळ निघाल्या. सरळ माळा दाटीने बसतात आणि पदार्थ कडक होतो. शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, रसायनांचे निळे पिंप, काही बादल्या हे सगळं त्या दाट पॉलिथिनचं. मणी तोच, ओवण्याची तऱ्हा वेगळी, आणि तेवढ्यावर भंगारवाल्याचे दोन ढीग होतात. पातळ पिशव्या एकीकडे, जाड कडक माल दुसरीकडे.

निळ्या पिंपांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबतो. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक पट्ट्यात रसायनांचे कारखाने भरपूर. रिकामे पिंप भंगारात येतात, स्वस्तात मिळतात आणि उन्हाळ्यात नळाला पाणी नसलं की घरोघरी पाणी साठवायला वापरले जातात. साबणाने दोनदा घासलं की झालं, असा समज असतो. पण पॉलिथिन काचेसारखं नाही. कित्येक सेंद्रिय द्रावकं त्याच्या अंगात मुरतात आणि नंतर हळूहळू बाहेर येतात. वास गेला याचा अर्थ रसायन गेलं, असा होत नाही. आधी काय भरलं होतं ते ठाऊक नसेल, तर असा पिंप पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका. बागेतली फुलझाडं आणि संडासाची बादली यांच्यासाठीसुद्धा मी आधी लेबल वाचेन.

झीग्लर यांच्या पाठोपाठ इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली प्रॉपिलीनच्या माळा शिस्तीत ओवल्या. दोघांना १९६३ चं नोबेल एकत्र मिळालं. त्या पॉलिप्रॉपिलीनने तुमचं घर भरलेलं आहे. अंगणातली साच्यातली खुर्ची, जेवणाचा डबा, पाण्याच्या बाटलीचं टोपण, सिमेंटची आणि तांदळाची विणलेली गोणी, आणि हो, मुलाने पकडलेली ती कापडी पिशवी.

ती पिशवी विणलेली नसते, आणि खरी ओळख तिथेच आहे. वितळलेलं पॉलिप्रॉपिलीन बारीक छिद्रांतून ओढून त्याचे तंतू एका पट्ट्यावर अस्ताव्यस्त पसरतात आणि गरम रुळांखालून दाबून चिकटवतात. रुळावरच्या नक्षीमुळे पिशवीवर सारख्या अंतरावर बारीक ठिपके उमटतात. उजेडाकडे धरलंत तर ठिपके दिसतील, उभा-आडवा धागा मात्र दिसणार नाही. कडेला शिलाई न करता नुसतं तापवून जोडलेलं असतं, हाही एक पुरावा. कापसाचं कापड असं तापवून चिकटत नाही. अशी पिशवी उन्हात लटकवून ठेवली की काही महिन्यांनी हातात तिचा भुगा येतो. खरं कापड विरतं, फाटतं, पण असा भुगा होत नाही.

पण बंदी आहे ना, असं तुम्ही विचाराल. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. केंद्राच्या नियमांनी ३० सप्टेंबर २०२१ पासून दर चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलक्या न विणलेल्या पिशव्याही बाद केल्या. म्हणजे कायद्याच्या लेखी ती प्लास्टिकच. दुकानदार तिला कापडी म्हणतो ते सोयीचं असतं म्हणून. मुलाला शाबासकी द्या.

पाण्याची बाटली तिसऱ्या घराण्यातली. तिच्या पॉलिमरचं लांबलचक नाव पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट, लाडाचं नाव पेट. आता गंमत पाहा. टेरिलीन म्हणून ज्या कापडाची आपल्या वडीलधाऱ्यांना अपूर्वाई होती, ते हेच. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ साली ते मँचेस्टरच्या एका कापडछपाईच्या कंपनीत शोधलं. धागा काढला तर पॉलिएस्टरची साडी, साच्यात फुगवलं तर बाटली. तुमच्या दक्षिणेला रायगड जिल्ह्यात पाताळगंगा नदीकाठी रिलायन्सने १९८२ मध्ये पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू केला. तिथे निघणारा धागा आणि तुमच्या कचऱ्यातली बाटली रसायनाच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी. म्हणूनच भंगारात गेलेल्या बाटल्यांचे तुकडे करून, धुऊन, वितळवून त्यांचा धागा काढता येतो. कित्येक उशा आणि रजया त्याच धाग्याने भरतात. बाटलीला गिऱ्हाईक आहे, म्हणून तिला भाव आहे.

पाइप मात्र वेगळ्याच स्वभावाचा. पीव्हीसीच्या मण्यात एक क्लोरीन असतो, आणि वजनाने पाहिलं तर शुद्ध पीव्हीसीचा अर्ध्याहून अधिक भाग हा क्लोरीनच. तो मिठापासून येतो. म्हणजे तुमच्या नळाच्या पाइपात तेलापेक्षा समुद्राचा वाटा जास्त आहे, असं म्हटलं तरी चालेल. हाच पीव्हीसी तेलकट द्रव मिसळून मऊ केला की विजेच्या तारेवरचं वेष्टण होतं, रेनकोट होतो, पावसाळी गमबूट होतात. तापवल्यावर तो हायड्रोजन क्लोराइड सोडतो, आणि त्याला दमटपणा लागला की आम्ल होतं. बाटल्यांच्या ढिगात पाइपाचे थोडे तुकडे गेले, तरी वितळवताना ते आम्ल सगळा घाणा पिवळा आणि ठिसूळ करून टाकतं. आता कळलं ना, भंगारवाला पाइप वेगळा का ठेवतो? रस्त्याकडेला कचरा पेटवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. तार जाळून तांबं काढताना घसा खवखवतो, त्याचं कारण हा क्लोरीन.

हे सगळं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याची एक बाटली घ्या, तिचे आणि तिच्या टोपणाचे नखाएवढे तुकडे कापा आणि बादलीतल्या पाण्यात टाकून बोटाने बुडवून सोडा. टोपणाचे तुकडे वर येतील, बाटलीचे तळाला जातील. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकी, घनता ०.९ ते ०.९७. पेट १.३८, पीव्हीसी १.४ च्या आसपास. पुनर्वापराच्या कारखान्यातही बाटल्या दळल्यावर पाण्याच्या हौदात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर होतो. अख्खी बाटली तरंगते ती आतल्या हवेमुळे. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तसा पूर आला की उल्हास नदी सगळा माल एकत्र वाहून आणते. पण पाणी संथ झालं की वाटणी होते. पिशव्यांच्या चिंध्या वर राहून झुडपांना लटकतात आणि डोळ्यांत भरतात. पाइपाचे नि बाटल्यांचे तुकडे गाळात बसतात, म्हणून ते नाहीतच असं आपल्याला वाटतं.

आता भंगारवाला ज्याला हात लावत नाही तो माल. कुकरचं हँडल. आतापर्यंत पाहिलेल्या सगळ्या पदार्थांत माळा एकमेकींशेजारी मोकळ्या असतात. ऊब दिली की सरकतात, पदार्थ मऊ होतो, गार केला की नव्या आकारात बसतो. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली बेकेलाइट तयार केलं, त्यात मात्र माळांना माळा गाठी मारून जखडलेल्या असतात. एकदा साच्यात तापून पक्कं झालं की पुन्हा वितळणं नाही. चुलीवर हँडल वितळत नाही, जुन्या काळ्या स्विचमधून वीज गेली तरी तो ओघळत नाही, हा त्याचा गुण. भंगारात हाच गुण दोष ठरतो, कारण वितळवून नवं काही ओतता येत नाही. जास्त तापवलं तर ते सरळ करपतं. मेलामाइनच्या ताटल्या याच जातीच्या. त्या मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. सायकलचा टायरही याच कारणाने वितळत नाही. रबराच्या माळांना गंधकाच्या गाठी मारण्याची युक्ती चार्ल्स गुडइयरने १८३९ सालीच हेरली होती. बेकेलाइट हे पहिलं संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक, एवढा मान त्या तुटक्या हँडलला द्यायला हरकत नाही.

वेफर्सच्या पाकिटाचं दुखणं निराळं. ते बहुधा एका पॉलिमरचं नसतं. वर छपाईचा एक थर, आत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, खाली तापवून चिकटणारा दुसरा थर. वेफर्स कुरकुरीत ठेवायला ही रचना उत्तम, पण थर वेगळे करणं परवडत नाही. थर्माकोल एकाच पॉलिमरचा, पॉलिस्टायरिनचा, तरी त्यालाही कोणी विचारत नाही. त्यात बहुतेक हवाच. टेम्पो भरून नेला तरी काट्यावर काही उतरत नाही.

नायलॉनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते घरात आहे. अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी ते १९३५ साली केलं आणि बाजारात आलं ते आधी टूथब्रशच्या केसांच्या रूपात. मासे पकडायचं जाळं, दोर, संक्रांतीचा तो जीवघेणा मांजा. चिवटपणा हा गुण जाळ्यात चांगला आणि पक्ष्याच्या पंखात वाईट. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे.

आता सासूबाई. शहाडचा सेंच्युरी रेयॉन आणि पलीकडे मोहोन्याचा नॅशनल रेयॉन, या दोन नावांनी कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात रेयॉनची ओळख घरोघरी पोहोचली. यंत्रांतून निघणारा चकचकीत धागा पाहून ते प्लास्टिक वाटणं साहजिक आहे. पण रेयॉनचा कच्चा माल तेल नसून लाकडाचा लगदा आहे. लगद्यातलं सेल्युलोज कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडशी त्याचा संयोग घडवतात आणि मधासारखा दाट द्रव करतात. त्याचं नाव व्हिस्कोस. क्रॉस आणि बेव्हन या इंग्रज रसायनतज्ज्ञांनी ही कृती सहकाऱ्यासह १८९२ साली शोधली. हा द्रव सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लाच्या हौदात सोडला की सेल्युलोज पुन्हा घन होतं, फक्त आता धाग्याच्या रूपात. व्हिस्कोसच्या कामात सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो या खटाटोपात निघणाऱ्या गंधकाच्या संयुगांचा.

म्हणजे माळ निसर्गाने ओवलेली, माणसाने ती फक्त विरघळवून पुन्हा ओढली. तिला मानवनिर्मित धागा म्हणा, पण कृत्रिम पॉलिमर म्हणता येणार नाही. पॉलिमर मात्र आहेच, म्हणून सासूबाईंना निम्मे गुण. पडताळा घ्यायचा असेल तर रेयॉनच्या ब्लाउजपीसचा आणि पॉलिएस्टरच्या साडीचा एकेक सुटा धागा चिमट्यात धरून ओट्यावर, मुलांना लांब ठेवून, पेटवून पाहा. रेयॉन कागदासारखं जळेल, जळक्या कागदाचा वास येईल आणि मऊ राख उरेल. पॉलिएस्टर आधी आक्रसेल, वितळेल आणि टोकाला कडक काळा मणी धरेल. रेयॉनचं आणखी एक लक्षण तुमच्या सासूबाईंना नक्की ठाऊक असणार. ओलं झालं की ते कमजोर पडतं, म्हणून ते पिळून, आपटून धूत नाहीत. पॉलिएस्टर पाणी पीतच नाही, त्यामुळे त्याला पाण्याचा काही फरक पडत नाही. मात्र उन्हाळ्यात ते अंगाला चिकटतं, तेही त्याच कारणाने.

शेवटी त्या त्रिकोणातल्या आकड्याविषयी. डब्याखाली बाणांचा त्रिकोण असतो, त्यात १ ते ७ मधला एक आकडा. त्रिकोण आहे म्हणजे पुनर्वापर होतोच, किंवा आकडा मोठा तर माल चांगला, हे दोन्ही समज चुकीचे. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ साली ही खूण काढली ती फक्त पॉलिमर ओळखण्यासाठी. १ म्हणजे पेट, २ दाट पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ मऊ पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन. ७ म्हणजे बाकी सगळं, अगदी चांगल्यापासून कशाचाच पत्ता नसलेल्यापर्यंत. बादलीखाली आकडा नसेल आणि ती काळपट असून तिला वास येत असेल, तर ती बहुधा अनेक रंगांच्या भंगाराची ओतीव. कपडे भिजवायला घ्या, पीठ मळायला नको.

पुरवणी प्रश्न : गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या काळ्याच का असतात? ऊन तर काळ्या रंगाला जास्त तापवतं. (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : तापवतं, हे खरंच. मे महिन्यात दुपारी नळाला कढत पाणी येतं याची तक्रार रास्त आहे. पण टाकी पॉलिथिनची, आणि उन्हातले अतिनील किरण पॉलिथिनच्या माळा तोडतात. वर सांगितलेल्या पिशवीचा भुगा होतो तो असाच. पॉलिथिनमध्ये काजळीची पूड मिसळली की ती हे किरण शोषून घेते आणि टाकी वर्षानुवर्षं टिकते. शिवाय आत उजेड न शिरल्याने शेवाळ धरत नाही. गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्सने १९७५ च्या सुमारास अशा काळ्या टाक्या आणल्या आणि तोच रंग रूढ झाला. आता पांढऱ्या टाक्याही मिळतात. त्यांतल्या बऱ्याच तीन थरांच्या असतात आणि पांढऱ्याच्या पोटात एक काळा थर दडलेला असतो. विकत घेताना झाकण उघडा आणि तोंडाची कापलेली कड पाहा, थर मोजता येतात.